माजघराचा रंग

“काय गो, लाइट गेली?”

आयेने पडवीतून आत येता येता विचारलं. डोक्यावर पंखा गरगरत होता, देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब लागलेला होता आणि माजघराच्या कोपऱ्यात मी लॅपटॉप उघडून बसले होते.

“लाइट आसा. पंखो फिरता मा,” मी म्हटलं.

“मगे ह्यां काळां कित्याक?”

मी तिला डार्क थीम समजावून सांगितली. खिडक्यांचा, पट्ट्यांचा, फोल्डरांचा रंग काळपट करायचा, अक्षरं फिकी ठेवायची, डोळ्यांना बरं पडतं, हल्ली सगळेच करतात वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि व्यवहाराचं विचारलं, “पैशे किती दिलंस?”

“फुकट असता तां.”

“फुकट असो नायतर इकत. आपल्या घरात काळोख कमी होतो काय?”

यावर मी काय बोलणार? आमच्या घरात काळोख खरोखरच कमी नाही. मालवण तालुक्यातलं जुनं घर. जांभ्याच्या जाड भिंती, उतरतं कौलारू छप्पर, आणि पडवीची कड एवढी खाली आलेली की उंच पाहुणा पहिल्या भेटीत कपाळ शेकून घेतोच. छप्पर असं खाली ओढण्याला कारण आहे. चार महिने धो धो कोसळणारा पाऊस भिंतींवर थेट आला तर जांभा पाणी पीत बसतो आणि दिवाळीपर्यंत सुकत नाही. म्हणून छप्पर खाली, खिडक्या लहान, आणि मग भर दुपारी बाराला माजघरात शिरलं की दोन मिनिटं काहीच दिसत नाही. बाहेर खळ्यात ऊन असं की डोळे मिटावेत, आणि आत गार, दाट, किंचित धुराचा वास असलेला काळोख.

त्या काळोखात उजेडाची एकच जागा म्हणजे काचेचं कौल. मंगळुरी कौलांच्या रांगेत मधेच बसवलेलं. त्यातून पडणारा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकत जातो. आयेला घड्याळ लागत नाही. कवडसा जात्याच्या खुंट्याला टेकला की पेजेची वेळ, पेटाऱ्यावर चढला की चहाची. लहानपणी मी त्या उजेडातली धूळ मुठीत धरायचे आणि मूठ उघडून बघायचे.

हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण स्वतःची थीम करायला बसल्यावर ते आठवायला मला दोन वर्षं लागली.

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते. म्हणजे लेखकाने लिहिलेलं, टंकलेखकाने टाइप केलेलं, आणि दोघांनी मिळून बिघडवलेलं मराठी दिवसाचे आठ-नऊ तास बघत बसते. पुण्यात बरीच वर्षं हे काम छापखान्यात बसून केलं. २०२०च्या टाळेबंदीत गावी आले ती इथेच राहिले. त्या वर्षी चतुर्थीला माझा भाचा मुंबईहून आला. येणाऱ्यांना विलगीकरण होतं, त्यामुळे पडवीला लागून असलेल्या खोलीत तो आणि एक गादी. ताट उंबऱ्यावर सरकवायचं. तिसऱ्या दिवशी त्याने आतून हाक मारली, “मावशी, तुझा लॅपटॉप दे, नाहीतर मी वेडा होईन.”

लॅपटॉप तेव्हाच सात वर्षांचा होता आणि सुरू व्हायला एक चहा होईल एवढा वेळ घ्यायचा. भाच्याने त्यावरचं सगळं पुसून लिनक्स मिंट चढवलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक फुकट प्रणाली, त्यातली हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती. विलगीकरण संपवून तो बाहेर आला तेव्हा लॅपटॉप चपळ झाला होता आणि नखशिखान्त काळाही. खालची पट्टी काळी, फोल्डर करडी, कोपऱ्यात वेळ, तापमान, मेमरी दाखवणारे हिरवे आकडे. “याला राइसिंग म्हणतात,” तो अभिमानाने म्हणाला.

हा शब्द मला फार आवडला. अमेरिकेतले गाड्यांचे शौकीन जपानी गाड्या भडक सजवणाऱ्यांची टिंगल करायला ‘राइस’ म्हणायचे. तिथून तो संगणक सजवणाऱ्यांनी उचलला आणि बिनदिक्कत स्वतःलाच लावून घेतला. आयेला मी सांगितलं, पोरगा म्हणतो याला भात म्हणतात. ती म्हणाली, मग चिखलणी कधी केली? त्यानंतर आमच्या घरात संगणकाशी चाललेल्या कुठल्याही खटाटोपाला ‘लावणी’ असं नाव पडलं. “लावणी झाली काय गो? जेवूक ये.”

मुळात सजवायची हौस आम्हा कोकणातल्या माणसांना परकी नाही. चतुर्थीच्या आधी गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवली जाते. जुन्या चित्रावर चुना, त्यावर नवं चित्र. कधी कमळ, कधी मोर, एक वर्ष आमच्या चुलतभावाने विमान काढलं होतं आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. वर माटवीला नारळ, कवंडळं, सुपाऱ्या, हरणाची फुलं टांगायची. वॉलपेपर बदलणं यापेक्षा वेगळं काय असतं? जगाने सगळ्यात जास्त पाहिलेला वॉलपेपर, तो विंडोज एक्सपीवरचा हिरवा डोंगर आणि निळं आकाश, चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियात टिपला होता. २००१मध्ये तो घराघरांत पोचला. पुण्यात तो बघताना मला दरवेळी आमचा सडा, म्हणजे गावचं कातळाचं पठार, आठवायचा. मे महिन्यात करपलेला तवा असतो तो, पण ऑगस्टात आठ दिवस उघडीप मिळाली की अगदी तस्साच दिसतो.

पहिला महिनाभर मी थीमा बदलत राहिले. माणूस नव्या घरात जसा कपाटं सरकवत राहतो तसं. ड्रॅक्युला नावाची जांभळट थीम आली आणि गेली. नॉर्ड नावाची निळसर, बर्फाळ थीम तर इतकी सुबक की तिच्यासमोर स्वेटर घालून बसावंसं वाटे, आणि बाहेर ऑक्टोबरचं ऊन, घामाने मनगट टचपॅडला चिकटतंय. सोलराइज्ड नावाची एक जुनी रंगमाळ आहे, २०११ची. तिच्या कर्त्याने उजेड-अंधाराचं गणित बसवून सोळा रंग ठरवले आहेत. तिचा आदर वाटला, पण ती माझी वाटली नाही.

खरं सांगायचं तर काळा पडदा मला नवा नव्हता. १९९६मध्ये कणकवलीला टायपिंग शिकायला जायचे तेव्हा क्लासातल्या दोन संगणकांचे पडदे काळेच होते. काळ्यावर हिरवी अक्षरं. आयबीएमने १९८१मध्ये पहिल्या पीसीबरोबर जो मॉनिटर विकला त्याच घराण्यातले. काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा थर असायचा, मागून इलेक्ट्रॉनांचा झोत जिथे आदळेल तिथे तो उजळायचा. म्हणजे काळा ही तेव्हा कुणाची निवड नव्हती. काहीच न केलेली काच काळी दिसायची, एवढंच. त्यातल्या एका मशिनमध्ये सी-डॅक या सरकारी संस्थेचं, पडद्यावर भारतीय लिप्या आणणारं जिस्ट कार्ड होतं. त्यावर ‘क’ दाबला आणि काळ्या डोहातून हिरवा ‘क’ वर आला, तो क्षण मला अजून लख्ख आठवतो. आमचे सर म्हणाले होते, मराठी बोलतंय बघ मशीन. बोलत काही नव्हतं, पण आम्ही माना डोलावल्या.

मग पांढरं आलं. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७३मध्येच ‘आल्टो’ नावाच्या यंत्रावर पडदा कागदासारखा करायचा उद्योग झाला होता, १९८४मध्ये मॅकिन्टॉशने तो टेबलाटेबलावर नेला आणि विंडोजने गावागावात. पडदा म्हणजे टेबल, त्यावर कागद, कागदावर काळी अक्षरं. माझं सगळं पुण्यातलं आयुष्य त्या पांढऱ्या कागदापुढे गेलं. आणि आता काळ्याची पुन्हा फॅशन. २०१८मध्ये ॲपलच्या संगणकांत, २०१९मध्ये आयफोन आणि अँड्रॉइडमध्ये अधिकृत डार्क मोड आला. पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेलं तांब्याचं घंगाळ पाहुण्यांनी कौतुक केल्यावर दिवाणखान्यात यावं, तसं झालं हे.

घोटाळा कामात झाला.

नोव्हेंबरात एका कादंबरीची मुद्रितं मी पूर्ण काळ्या पडद्यावर तपासली. पीडीएफचे रंग उलटे करून, काळ्या पानावर पांढरी अक्षरं. मजा वाटत होती, डोळे निवल्यासारखे वाटत होते. पुस्तकाच्या संपादकबाईंचा आठवड्याने फोन आला. त्या कधी ओरडत नाहीत, त्यामुळे जास्त लाज वाटते. “यावेळी अनुस्वार बरेच राहिलेत हं.” मोजले तर अकरा. ‘मधे’ आणि ‘मध्ये’ची सरमिसळ तर वेगळीच. इतकी वर्षं या धंद्यात काढून अकरा अनुस्वार!

मग मी जरा वाचलं. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. तरुणांना आणि वयस्करांना दोन्ही प्रकारच्या पडद्यांवर मजकूर देऊन त्यातल्या चुका शोधायला लावलं. म्हणजे चक्क मुद्रितशोधन. फिक्या पडद्यावरच्या गडद अक्षरांत दोन्ही वयाच्या लोकांची कामगिरी सरस ठरली. कारण डोळ्याच्या बाहुलीत आहे. समोर उजेड असला की ती आकसते आणि चित्र रेखीव पडतं, समोर अंधार असला की ती मोठी होते आणि कडा विरघळतात. माझ्यासारखा तिरका नंबर, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम असेल तर काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षराला वरून प्रभावळही फुटते. पावसातल्या रस्त्यावरच्या दिव्यासारखी.

इंग्रजीत हे एकवेळ खपून जात असेल. आपल्या लिपीचं तसं नाही. काळ्यावर पांढरी रेघ असते त्यापेक्षा जाड भासते. शिरोरेघ फुगते, तिच्या डोक्यावरचा अनुस्वार तिला चिकटतो, ‘द्ध’ आणि ‘ष्ट’च्या पोटातली भोकं बुजतात, रफार आणि मात्रा एकमेकांच्या अंगावर पडतात. उपाय सापडला तो फाँटात. ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींनी केलेल्या ‘मुक्ता’ची सात वजनं आहेत, सडपातळ ते धष्टपुष्ट. काळ्यावर मी त्यातलं एक पायरी हलकं वजन लावते आणि ओळींमधली जागा वाढवते. (जाता जाता एक तक्रार. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तर काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे होतात. आलेल्या फायलींत निम्म्या वेळा भाषा ‘हिंदी’ असते आणि ‘ल’ परक्या वळणाचा. मी मुकाट्याने बदलते, पण मनातल्या मनात मुकाट्याने नाही.)

तेव्हापासून कामाचं पान मी फिकं ठेवते. पांढरंफेक नाही, जुन्या पुस्तकाच्या कागदासारखं पिवळसर. त्याच्या भोवतीचं सगळं गडद. ही तडजोड भाच्याला मान्य नाही. त्याच्या मते ही चीटिंग आहे.

दुसरा भ्रम तौक्तेने घालवला. १६ मे २०२१, रविवार. चक्रीवादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. आमची दोन माडं आणि पडवीची अर्धी कौलं घेऊन गेलं आणि वाडीची वीज त्यानंतर कितीतरी दिवस आली नाही. वीज गेली तेव्हा लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. मी विचार केला, आपला पडदा तर काळा, म्हणजे बॅटरी पुरवून पुरवून वापरता येईल. दीड तासात लॅपटॉप निपचित. साध्या एलसीडी पडद्याच्या मागे दिवा सतत जळत असतो. काळा रंग दाखवायचा तर पडदा फक्त तो उजेड अडवतो. दिवा लावून त्याच्यापुढे गोधडी धरण्यासारखं आहे ते. वीज वाचते ती नव्या फोनांच्या ओएलईडी पडद्यावर. तिथे प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा असतो आणि काळ्या जागी तो विझतो. तिथेही अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१मध्ये मोजलं तर पूर्ण उजेडाला ३९ ते ४७ टक्के बचत, पण माणसं घरात ठेवतात तेवढ्या, म्हणजे ३० ते ५० टक्के उजेडाला बचत जेमतेम ३ ते ९ टक्के. आमच्या लॅपटॉपला मागचा दिवा मंद करणं हाच उपाय होता. ते मला बॅटरी संपल्यावर कळलं.

त्या बिनविजेच्या दिवसांत आयेने माळ्यावरची चिमणी काढली. घासलेटाची. काच नव्हती, वात नवी घातली. पहिल्या रात्री तिच्या उजेडात काहीच दिसेना, चौथ्या रात्री मी त्यावर तांदूळ निवडले. किनाऱ्याकडच्या वाडीतले काका चौकशीला आले होते, त्यांना हे सांगितलं तर ते हसले. मासेमारीत त्यांचा जन्म गेला. “होडयेर बलबाकडे एकदा बघलंस काय अर्धो तास समुद्र दिसणा नाय,” ते म्हणाले. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला खरंच तेवढाच वेळ लागतो. काळोखात बघणाऱ्या पेशींमधलं द्रव्य उजेडाने क्षणात उडतं आणि भरून यायला अर्धा तास घेतं. काकांच्या होडीवरच्या जीपीएसला नाइट मोड आहे. काळा पडदा, मंद रेघा. तो त्यांनी कुणाला विचारून लावला नाही, पहिल्याच रात्री शोधून काढला. आणि मग विषय अपरिहार्यपणे एलईडीवाल्यांवर गेला. समुद्रात झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या बोटींवर. २०१७मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली. काका म्हणतात, बंदी कागदावर, उजेड पाण्यावर. रात्री बाहेर खोल समुद्राकडे बघितलं की शहर वसल्यासारखं वाटतं. त्यावर ते जे पुढे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वीज आल्यावर मी रेडशिफ्ट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवला. रात्री पडद्याचा निळेपणा कमी करून तो तांबूस करतो. त्याला फक्त एकच गोष्ट सांगावी लागते, तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात. मी मालवणचे अक्षांश-रेखांश टाकले, १६.०६ आणि ७३.४७. बस्स. रोजचा सूर्यास्त तो स्वतः काढतो. सूर्य क्षितिजाच्या वर तीन अंशांवर आला की रंग बदलू लागतो आणि क्षितिजाखाली सहा अंश गेला की बदल पूर्ण. आमच्या अक्षांशावर या उतरणीला चाळीसेक मिनिटं लागतात.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम बघत बसले. पडदा कधी बदलला ते कळलंच नाही. मधेच आयेने तुळशीपुढे दिवा लावला, आत येऊन देव्हाऱ्यापुढे लावला, आणि माझ्याकडे बघून नेहमीचं वाक्य टाकलं, “तिन्हीसांजेच्या वेळेक पडद्यात तोंड घालून बसा नको.” मी वर पाहिलं. माजघराची भिंत आणि लॅपटॉपमधलं पान एकाच रंगाचं झालं होतं. म्हणजे तिन्हीसांज कुणीतरी अंशात मोजून ठेवली होती तर.

तिथून मला स्वतःची थीम करायची खाज सुटली. होईपर्यंत २०२२चा मे उजाडला.

लिनक्सवर हे अवघड नाही, फक्त चिकाटीचं आहे. तुमच्या फोल्डरात टिंबाने सुरू होणाऱ्या नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं, त्यात थीमा राहतात. एखादी तयार थीम घ्यायची, तिची प्रत करायची, नाव बदलायचं आणि आतल्या फायलीतले रंग एकेक करून आपले घालायचे. प्रत्येक रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे तीन आकडे, ० ते २५५. त्यातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात. एवढ्यातून पार्श्वभूमीचा एक निवडायचा.

पूर्ण काळा, म्हणजे तिन्ही शून्यं, मी केव्हाच सोडला होता. त्यावर अक्षरं टोचतात आणि एकावर एक उघडलेल्या खिडक्यांना खोली राहत नाही, सावली पडायला जागाच नसते. गूगलच्या डिझाइनवाल्यांनी १२१२१२ या सांकेतिक आकड्याचा जवळजवळ काळा करडा सुचवला आहे, तो लावून बघितला. ठीक होता. सिमेंटचा होता. आमच्या घरात सिमेंट फक्त न्हाणीघरात आहे.

मी माजघरात बसून माजघराचा काळोख बघू लागले. तो काळा नव्हताच. वाशांना वर्षानुवर्षांच्या धुराने आलेला एक तपकिरी, जमिनीच्या सारवणाचा हिरवट, भिंतीतून जिथे चुना उडालाय तिथे जांभ्याचा तांबडा. आणि दाराशी सुपात ठेवलेली सोलं.

मे महिना सोलांचा. सड्यावरून रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, आणायचे, फोडायचे, बिया आणि रस वेगळा काढायचा, सालं उन्हात घालायची. संध्याकाळी तीच सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात. याला पुट देणं म्हणतात. पहिल्या दिवशी साल लालभडक असते, दुसऱ्या पुटाला ती दारूसारखी गडद होते, चौथ्या-पाचव्या पुटाला काळी. बाजारात दोन पुटांवर भागवलेली सोलं मिळतात, आये त्यांना हात लावत नाही. तिचं सोल सुपात काळंच दिसतं, पण उचलून उन्हापुढे धरलं की कडेने तांबडं पेटतं. मी एक सोल उचलून आणलं, पडद्याशेजारी ठेवलं आणि आकडे हलवत बसले. दुपार गेली. शेवटी लाल ३८, हिरवा २४, निळा २६ वर थांबले, कारण वर ढग जमले होते आणि आये सुपं आत घ्यायला ओरडत होती.

बाकीचे रंग पटापट जमले. कडांना जांभा, निवडलेल्या ओळीला हळदीच्या पानाचा हिरवा, चुकीच्या इशाऱ्याला कुंकू. अक्षरं पेजेच्या रंगाची. आणि ज्या खिडकीत आपण काम करतोय तिच्या माथ्यावर एक बारीक, फिकी पिवळी पट्टी, एवढीच उजळ. फायलीत तिच्यापुढे मी शेरा लिहिला, ‘कवडसा’. थीमचं नाव ‘माजघर’.

अडचणी आल्याच. काही प्रोग्रॅम दुसऱ्या घराण्यातले, ते या थीमला जुमानत नाहीत आणि लग्नघरात बर्म्युडा घालून आलेल्या पाहुण्यासारखे पांढरे उभे राहतात. एकदा एका दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज भरत होते. चौकटी पांढऱ्या, मी टाइप करतेय ती अक्षरंही जवळपास पांढरी. पान बनवणाऱ्याने चौकटीचा रंग ठरवला होता, पण अक्षरांचा रंग ज्याच्या त्याच्या संगणकावर सोडला होता. मी आंधळेपणाने अर्ज भरला. दाखला आला तेव्हा मुद्रितशोधन करणाऱ्या बाईच्या नावात दोन चुका होत्या. तो दुरुस्त करून घ्यायला तीन फेऱ्या.

आयेने ‘माजघर’ बघितलं आणि म्हणाली, “परत काळांच केलंस?”

“काळां नाय गो. नीट बघ.”

“माका काळांच दिसता.”

मी नाद सोडला. पुढे पावसात माझ्या लक्षात आलं की तिला बरंच काही दिसत नाहीये. पेपर हातात घेते आणि घडी घालून ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, पेपरात आता वाचण्यासारखं काय असतं? निधनाच्या बातम्यासुद्धा वाचेना, तेव्हा मला काळजी वाटली. फोनवर बातम्या लावून दिल्या तर पांढऱ्या पडद्यासमोर डोळे बारीक करून म्हणाली, चुरचुरता.

एका रात्री मी एका लेखकाचं हस्तलिखित सहज चाळत होते. काम नव्हतं, म्हणून काळ्यावर, अक्षरं मोठी करून. आये पाणी प्यायला उठली होती. मागे उभी राहिली आणि एकदम वाचायला लागली. एक पूर्ण वाक्य, अडखळत, पण बरोबर. आम्ही दोघीही दचकलो.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. भिंग गढूळ झालं की आत येणारा उजेड विखुरतो आणि पांढऱ्या पानाचा सगळा झगझगाट अक्षरांवर सांडतो. पान काळं असलं तर सांडायला उजेडच कमी, अक्षर तेवढं उरतं. माझ्या डोळ्यांना जे वाईट तेच तिला मानवलं. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत रोज सकाळी ती माझ्या खुर्चीवर बसायची. मी फायरफॉक्सच्या वाचन-दृश्यात बातम्या काळ्या करून, बोटभर अक्षरांत लावून द्यायची आणि ती मोठ्याने निधनवार्ता वाचायची. वेळ संपल्यावर लॅपटॉपवर हात ठेवून म्हणायची, “काळां आसा, पण गुणी आसा.” म्हशीबद्दल बोलतात तसं.

दिवाळीनंतर कुडाळला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून गाडीतून उतरली ती म्हणाली, “बघ, आता माझी पण डार्क थीम.” आठ दिवस कौतुक करून घेतलं. चष्मा उतरला त्या सकाळी मात्र तिने घरभर फिरून सगळ्यांची हजेरी घेतली. भिंतीला एवढी जळमटं, कोणी सांगूक नाय. आभाळ एवढं निळं कधीपासून? खळ्यातल्या जास्वंदीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अगो बाय माझे! तुझे केस पिकले!”

दुपारी मी कामाला बसले होते. कवडसा पेटाऱ्याच्या जवळपास आला होता. ती खुर्चीच्या पाठीला धरून वाकली आणि पडद्याच्या कडेला, जिथे कामाचं पिवळं पान संपतं आणि थीम सुरू होते, तिथे बोट टेकवलं.

“ह्यां काळां नाय गो,” ती म्हणाली.

मी गप्प बसले.

“ह्यां तर सोलां.” तिने डावा डोळा मिटून उजव्याने परत पाहिलं, मग उजवा मिटून डाव्याने, मग परत उजव्याने. “पण एक पुट कमी पडलां.”

ती चहा ठेवायला आत गेली. मी फाईल उघडली आणि लाल ३८चा ३१ केला.